सवड या शब्दाची नोंद

आमचे काका ग्रीक शब्दकोशाच्या कचेरीत होते. एकतीस वर्षं तिथे काढली आणि त्यातली शेवटची सात एकाच शब्दावर. शब्द ‘स्कोले’, अर्थ सवड. जुन्या ग्रीकांना सवड कशी मिळे याचा छडा लावायला काका रविवारीही कचेरीत जात. कित्येक भाषांतला शाळेचा शब्द यातूनच निघाला, हे त्यांनी मला नेमकं परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं.

जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या, आणि शब्दाच्या प्रत्येक रूपाला चपलांचं एकेक खोकं. काका-काकू ताट मांडीवर घेऊन जेवत. कचेरीचा नियम कडक होता. जुन्या ग्रंथातलं वाक्य चिठ्ठीवर उतरलेलं नसेल, तर तो अर्थ धरायचाच नाही.

काकूंची थोरली बहीण दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळलेली. काकूंचे गुडघे कामातून गेलेले, गाडीत चढायला कुणाचा तरी हात लागे. भेटून यायचं काम दोन दिवसांचं.

“एकदा मला ताईकडे नेऊन आणा हो.”

“एवढं रूप हातावेगळं होऊ दे, मग सवडीने जाऊ.”

मी नेते म्हटलं, तर काका म्हणाले, “का? मी मेलोय का?”

एकदा ते फार खुशीत घरी आले. ‘स्कोलेई’ असं एक रूप सापडलं होतं. अर्थ ‘सवडीने’, पण ग्रीक लोक ते ‘क्वचितच’, ‘जवळजवळ नाहीच’ अशाही अर्थाने वापरत.

“सवडीने म्हणजे नाही! हे कसं सुचलं असेल त्यांना?”

काकू भाजी निवडत होत्या. “त्यांच्या बायकांना विचारा.”

“बायकांचं लिहिलेलं फारसं उरलेलं नाही गं,” काका गंभीरपणे म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला बसले.

नोंद पुरी व्हायला अकरा दिवस होते, तेव्हा ताई गेल्या. काका त्याच तासाला निघाले. काकूंचा हात धरून त्यांना इतक्या जपून गाडीत चढवलं, की मला त्यांचा भयंकर राग आला.

कोश छापून आला. सात वर्षं पाऊण रकान्यात बसली. काका निवृत्त झाले, टेबल मोकळं झालं, आणि दिवस त्यांना खायला उठला. परवा मी गेले, तर ते काकूंना म्हणत होते, “आता सवडच सवड आहे. बोल, कुठे जायचं?”

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हात थांबवून खरोखर विचार केला.

“कुणाकडे?” त्या म्हणाल्या.