नांदीतली जागा

शिनोलीच्या पुढच्या एका वाडीत चैत्रातल्या जत्रेला नाटक होतं, आणि त्या नाटकात कुणाचंही पाठांतर नसतं. ही निंदा नव्हे, तिथली रीतच आहे. गडी शेतातून, मंचरच्या बाजारातून वेळ काढून तालमीला येतात, हातवारे शिकतात, आणि शब्द विंगेतून झुंबरबाई देतात. विंगेतून जे ऐकू येईल ते मोठ्यानं म्हणायचं, एवढंच नटाचं काम. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

झुंबरबाई सातवी शिकलेल्या. नवरा जानकू पडदा ओढायचा आणि त्या बाड धरायच्या. बाड म्हणजे नाटकाची हातानं लिहिलेली वही. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशीच स्टेजवर नेऊन सगळं दाखवत. यंदा दादाभाऊंची सून हर्षाली पहिल्यांदाच काम करणार होती, तिलाही त्यांनी नेलं.

"ही विंग. हितं उभं ऱ्हायचं, पण पदर लोकांना दिसता कामा नये. दिसला की तुझी एंट्री फुकट गेली," त्या म्हणाल्या आणि बाडावर बोट ठेवलं. "आन् हे कंसातलं बघ. 'रडत जाते' असं लिवलंय. ह्याला रंगसूचना म्हंत्यात. ती करायची असती, बोलायची नसती. म्हणून मी ती वाचतच न्हाई."

"कंसातलं कोण बोलंल, काकू?" हर्षाली हसली.

"बोलणारी लई हायेत," बाई म्हणाल्या.

तिथली आणखी एक रीत. पडदा उघडण्याआधी सगळी मंडळी ओळीत हात जोडून नांदी म्हणतात, आणि ओळीच्या उजव्या टोकाला बाड धरणारं माणूस तिसरी घंटा देतं. वर्षातून तेवढा एकच वेळ झुंबरबाई लोकांसमोर दिसायच्या. एरवी त्यांचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून गाजायचे आणि टाळ्याही त्यालाच पडायच्या. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही, कारण नांदीतली जागा त्यांची होती.

दिवाळीत जानकू गेला. जत्रेच्या आधी कमिटीची बैठक बसली आणि अध्यक्ष दादाभाऊ, नाटकातला कडक बापही तेच, घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, औंदा नांदीला तुमी मागं ऱ्हावा. शुभाचं काम हाय. नांदी झाली की धरा की बाड."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जानकू अटॅकनं गेला, दादाभाऊ. नांदीनं न्हाई गेला."

"आमी कुटं तसं म्हंतो? पर लोक काय म्हंतील?"

"बावीस वरसं तुमच्या तोंडात शब्द घातला, तवा लोक काय म्हंत व्हते? नांदीला उभी करणार असला तर बाड धरते. न्हाईतर हे घ्या तुमचं बाड."

दादाभाऊंनी घेतलं. वाचायला काय, कुणीही वाचेल, असं म्हणून त्यांनी ते ग्रामपंचायतीत कामाला असलेल्या भगवंतच्या हाती दिलं. भगवंतचा आवाज खणखणीत, पण तालमीला तो एकदाही फिरकला नाही. पितळी घंटा मात्र जानकूच्या पैशाची होती. ती बाईंनी घरी नेली.

दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून नाटक सातला ठेवलं होतं. झुंबरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, घंटा मांडीवर घेऊन पुढच्याच रांगेत बसल्या. शेजारच्या साळुबाईनं विचारलं, "तू गं हितं?"

"नाटक बघाया आलीया. बावीस वरसांत एकदाबी समोरून बघितलं न्हाई."

नांदी झाली. तिसरी घंटा कुणीतरी मोबाईलवर वाजवली. पडदा उघडला, बापाच्या वेशातले दादाभाऊ लेक झालेल्या हर्षालीवर धावून गेले आणि सवयीनं त्यांनी विंगेकडे कान दिला. भगवंतनं दिसेल ते खणखणीत वाचलं.

"आजपासून तू मला मेलीस!" दादाभाऊ गरजले. "रागाने फेऱ्या मारतो!"

लोकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हर्षालीनं आपलं वाक्य चोख म्हटलं. तिनं एकटीनंच पाठांतर केलं होतं.

"या घराचं दार तुला बंद!" दादाभाऊ पुढे म्हणाले. "थोडा थांबून! डोळे पुसतो!"

मग मात्र अख्खी जत्रा हसून लोळायला लागली. पोरं ओरडली, "पुसा, पुसा!" दादाभाऊंना काय चुकतंय तेच कळेना. ते जितके गोंधळले तितके विंगेला चिकटून उभे राहिले, आणि कंसामागून कंस त्यांच्या तोंडून पडत गेला. एकट्या झुंबरबाई हसल्या नाहीत. आपल्या नाटकाची अशी माती झालेली बघून त्यांना रडू येत होतं.

पडदा पडला. दादाभाऊ मिशी हातात घेऊन खाली आले. त्यांच्यामागे हर्षाली होती.

"वहिनी, चला. बाड धरा."

"बाड धरीन. पर नांदीपास्नं."

"नांदी झाली की! लोक बसल्यात."

"बसल्यात तर ऐकतील. त्यांच्यासमोरच मला मागं ठिवलंत, त्यांच्यासमोरच पुढं घ्या."

दादाभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. हर्षाली सासऱ्याकडे न बघता म्हणाली, "काकू उभ्या राहणार नसतील तर मी पण एंट्री घेणार नाही."

त्या वर्षी वाडीनं एका नाटकाला दोनदा नांदी ऐकली. दुसऱ्या वेळी उजव्या टोकाला झुंबरबाई उभ्या होत्या, ताठ मानेनं, आणि जानकूची घंटा त्यांनी अशी दणकून वाजवली की देवळावरची पाखरं उडाली.

पडदा उघडला. पहिल्याच वाक्याला दादाभाऊंनी हात उगारला आणि तोंड उघडं ठेवून विंगेकडे पाहिलं. झुंबरबाईंनी बाडात बोट धरलं, मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजलं, आणि मग शब्द दिला.