डब्ल्यूबाईंची अक्षरवही

डब्ल्यूबाई कीबोर्डवर बसल्या की खुर्ची थोडी डावीकडे वळवून घेत. डोळे डावीकडच्या कागदावर, दहाही बोटं आपापल्या जागी, आणि पडद्याकडे जवळजवळ पाठ. नव्या माणसाला वाटे, बाई मशीनवर रुसल्या आहेत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "साहेब, पडद्यावर दिसते ते आत असतेच असं नाही. मी विचारीन तेव्हा त्यानं बोलावं. मधामधात नाही."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही; चूक कार्यालयाची नव्हती. कालव्याचं पाणी कोणत्या गावाला कोणत्या दिवशी, किती तास मिळणार, याच्या याद्या आम्ही तयार करायचो. एक मशीन, त्यावर युनिक्स नावाची प्रणाली, आणि मशीनला जोडलेले सहा पडदे, शिवाय माझ्या केबिनमध्ये एक. बाईंनी वीस वर्षं टाइपरायटरवर काढली होती. आता त्या पाच मुलींच्या प्रमुख होत्या, पण पद हंगामी. कायम करण्याची फाइल मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती आणि तिच्यावर माझा शेरा हवा होता. बाई नागपुरातल्याच इंदोरा भागातून सायकलने येत. मुलगी बीएस्सीला होती. "तिची परीक्षा अन् माझी ऑर्डर, पाहू कोण पहिले येते," असं त्या हसत म्हणत, पण दर सोमवारी माझ्या शिपायाला हळूच विचारत, "फाइल हालली का गा?"

मजकूर लिहायचा आणि दुरुस्त करायचा जो प्रोग्राम असतो, त्याला एडिटर म्हणतात. आमच्या मशीनबरोबर एक आलेला होता, अगदी साधा. तो एका वेळी एकच ओळ दाखवायचा, तीही मागितली तर. काही चुकलं तर नुसतं प्रश्नचिन्ह द्यायचा. मुली वैतागत, बाईंना तेच आवडे. "चुकलं तर फक्त विचारते. आमच्या जुन्या साहेबासारखं खानदान नाही काढत." त्यात बोटं अक्षरांवरून उचलावी लागत नसत, बाणांच्या कळा शोधाव्या लागत नसत. टाइपिस्टच्या हाताला तो आपला वाटे.

लिहिलेलं राखून ठेवायला त्यात डब्ल्यू हे अक्षर दाबायचं. दर दहा ओळींनंतर बाई मुलींना हाक देत, "डब्ल्यू मारा वं पोरींनो, लाइट काही विचारून नाही जात." नाव त्यावरूनच पडलं. डब्ल्यू दाबला की एडिटर एक आकडा दाखवी: किती अक्षरं लिहिली गेली. इतर कोणी त्या आकड्याकडे पाहत नसे. बाई तो एका दोनशे पानी वहीत टिपून ठेवत. फाइलचं नाव, वेळ, अक्षरं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की आधी आकडा जुळवायच्या, मग कामाला हात. मुली त्या वहीला बाईंची पोथी म्हणत. मी तिला वेळेचा अपव्यय म्हणत असे, तेही त्यांच्यासमोर.

त्या वर्षी एका पुरवठादाराकडून दुसरा एडिटर आला. पूर्ण पान दाखवणारा, आज्ञांच्या याद्या चौकटीत मांडणारा, मथळा मध्यभागी आणून देणारा. त्याच्या प्रशिक्षणासाठी मी आठवडाभर मुंबईला जाऊन आलो होतो आणि परत येताच मोठ्या साहेबांना सांगून बसलो होतो की हाच योग्य. दोघांपैकी एक ठेवायचा, असा हुकूम झाला. शिफारस मी लिहायची होती.

बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"साहेब, एकजण बसला तर ते मोठं चांगलं आहे. सहाजणी बसलो की मशीन धापा टाकून राहते. काल मी एक अक्षर दाबलं, अन् ते उमटेपर्यंत पोरींचं अर्धं भांडण झालं."

"मशीनची मेमरी वाढवून घेऊ."

"वाढेल तेव्हा वाढेल. आज काहून बदलता? आपल्याले मजकूरच तर लिहाचा आहे. लग्नपत्रिका थोडीच छापाची आहे?"

मी हसलो. पण मला ते लागलं. मुंबईहून शिकून आलेल्या माणसाला टाइपिस्टने सांगावं, हे लागलं. आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हाची भावना हीच होती.

तो दिवस जुलैतला. सकाळी मोठे साहेब नवा एडिटर बघायला येणार होते. दाखवायला मी पाण्याची चालू यादीच माझ्या पडद्यावर उघडली, तिचा मथळा मध्यभागी आणून दाखवला. साहेब खूश होऊन गेले. यादी मी तशीच उघडी ठेवली. त्याच दुपारी कालव्याच्या एका दरवाजाच्या दुरुस्तीमुळे शेवटच्या टोकाच्या गावांच्या तारखा बदलल्याचा निरोप आला. बाईंनी आपल्या जागेवरून, साध्या एडिटरमध्ये, त्या सगळ्या तारखा दुरुस्त केल्या, साडेचारला राखल्या, आकडा वहीत टिपला आणि पाचला घरी गेल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी माझा पडदा बंद करायला लागलो. नव्या एडिटरने विचारलं, केलेले बदल राखायचे का? मी होय दाबलं. त्याच्याजवळ सकाळची यादी होती. बाईंच्या दुपारच्या कामावर ती जाऊन बसली. त्याने बजावलं नाही आणि मला आठवलं नाही. मग मीच छपाई सुरू केली आणि याद्या जीपने रवाना झाल्या.

आठवड्याने शेवटच्या गावांतली माणसं आवारात येऊन उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ छापील यादी माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "तुमच्या कागदावर गुरुवार, अन् पाटात पाणी सोमवारीच येऊन गेलं. आमचे धानाचे पऱ्हे सुकून राहिले ना साहेब. पाणी काय आता सपनात पाहाचं?" पऱ्हे म्हणजे रोवणीची रोपं. पावसाने ओढ दिली होती, आणि पाण्याची एक पाळी हुकणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी यादी हातात घेतली. मथळा मध्यभागी होता. मी तेव्हाच समजलो.

बाईही समजल्या. तासाभरात केबिनमध्ये आल्या, दार लोटून घेतलं.

"साहेब, मी मथळा डावीकडून लिहिते. हा मधात कसा आला?"

मी टेबलावरची यादी उलटी ठेवली.

"त्या दिवशी ते नवं एडिटर बंद करताना तुम्ही काय दाबलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोला पित्त झालं आहे असं सांगितलं. मशीनवर आम्ही सगळे एकाच नावाने बसत असू. प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचा कंटाळा मीच केला होता. त्यामुळे फाइल शेवटी कोणी लिहिली, हे मशीन सांगू शकत नव्हतं. हे मला दिलासा देत होतं आणि त्या दिलाशाचीच भीती वाटत होती.

चौकशीला मोठे साहेब, मी आणि बाई, असे तिघंच. बाईंनी वही उघडून टेबलावर ठेवली. "साडेचारले इतकी अक्षरं होती. आज फाइलमध्ये इतकी नाहीत. माझ्या मागून कोणीतरी लिहिलं आहे, साहेब." एवढंच. मथळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझं नाव घेतलं नाही. घेता आलं असतं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यातले तज्ज्ञ. हा पुरावा होतो का?"

मी म्हणालो, "वहीत कोणीही काहीही लिहू शकतं."

बाईंनी वही मिटली. घाईने नाही, आधी पेनाचं टोपण लावलं, मग वही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शिफारशीत मी लिहिलं की साध्या एडिटरमध्ये केलेलं काम डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अशा चुका होतात. तो काढून टाकावा. कायम नेमणुकीची फाइल माझ्या प्रतिकूल शेऱ्यासह परत गेली. बाईंना उमरेडच्या उपकार्यालयात टाइपरायटरवर धाडलं. जायच्या दिवशी पाचही मुली रडत होत्या. बाईच त्यांना दटावत होत्या, "रडता काहून वं? मरून नाही राहिली मी, एसटीनं जाऊन राहिली." मला नमस्कार केला, "येते साहेब" म्हणाल्या.

नवा एडिटर सहा पडद्यांवर बाई म्हणाल्या होत्या तसाच धापा टाकू लागला. मुली एक कळ दाबून वाट बघत बसत. चार महिन्यांनी मी साधा एडिटर गुपचूप परत आणला. कोणी विचारलं नाही.

दीड-दोन वर्षांनी मी उमरेडला गेलो. काम काढून गेलो, पण गेलो सांगायलाच. बसमध्ये वाक्य जुळवत होतो. बाई एका लहान खोलीत टाइपरायटरसमोर होत्या, खुर्ची तशीच वळवलेली. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला. मुलगी एमएस्सीला गेली होती, ते सांगितलं. मी पावसाचं बोललो, रस्त्याचं बोललो. वाक्य तोंडाशी येई आणि चहाच्या घोटाबरोबर खाली जाई. मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, मशीनवर सगळ्यांले वेगवेगळं नाव देऊन टाका. एका नावानं सगळे बसले की कोणाचं काय ते मशीनलेही नाही समजत." मी मान हलवली. त्यांनी थोडी वाट पाहिली. मी छत्री उचलली.

परत आल्यावर मी ते केलं. त्या सुधारणेबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं.

आता माझं वय झालं आहे. घरी जुना संगणक आहे, त्यावर लिनक्स. लिहायला कोणता एडिटर घ्यावा म्हणून एक आठवडा बघण्यात घालवला. चकचकीत, सतरा सोयींचे पुष्कळ होते. शेवटी सगळ्यात हलका, सगळ्यात साधा घेतला. मजकूरच तर लिहायचा आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरांचा आकडा दिसतो. तो बंद करता येतो. मी केलेला नाही.

बाई गेल्याचं मला खूप उशिरा कळलं. त्यांच्या मुलीचा पत्ता मिळवायला आणखी काही महिने लागले. वर लिहिलेलं सगळं आधी तिला पाठवलं आणि हे छापू का, असं विचारलं. तीन आठवडे उत्तर नव्हतं. टपालाच्या वेळेला मी फाटकाशी उभा राहत असे, आणि पोस्टमन पुढे निघून गेला की मला बरं वाटे.

उत्तर गेल्या मंगळवारी आलं. छापा, असं तिने लिहिलं आहे. पुढे लिहिलं आहे: "आईला सगळं माहीत होतं. तुम्ही उमरेडला आलात त्या दिवशी तुम्ही सांगाल असं तिला वाटलं होतं. म्हणून तुम्ही येणार हे कळताच तिने सोबतच्या टाइपिस्टबाईंना मुद्दाम बाहेर पाठवलं होतं."

पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं आहे. माझ्या आठवणीत त्या खोलीत पहिल्यापासून बाई एकट्याच होत्या.