हाडांच्या स्कॅनवरचा तापट माणूस

कोल्हापुरात हाडांचे स्कॅन काढणारा तो तंत्रज्ञ सगळ्यांशी भांडल्यासारखाच बोलायचा. माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यात कॅन्सर निघाला होता. तो इतर हाडांत पसरलाय का, हे बघायला आम्ही मलकापूरहून आलो होतो.

"पाच महिने नुसता पाय चोळत बसलासा? शिकल्याली माणसं न्हवं तुमी?" तो माझ्यावर ओरडला. खरं होतं, म्हणूनच मला त्याचा संताप आला.

किरणोत्सारी औषधाची सुई देऊन तीन तास झाले, भावाचा नंबर आला. तेवढ्यात एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते आत घुसले. "साहेबांचं आधी घ्या."

तो दारात आडवा झाला. "सायबांची सुई ह्येच्या मागनं झालीया. हाडांस्नी पद कळत न्हाय. थांबा भाईर!"

एकानं त्याची कॉलर धरली. तो हलला नाही; शेवटी कार्यकर्तेच बाहेर गेले. मग त्यानंच भावाचा दुखरा पाय दोन्ही हातांवर तोलून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, इतर हाडं स्वच्छ आहेत. मी धावत त्या तंत्रज्ञाला सांगायला गेलो.

"मग हितं काय कराय लागलायसा?" तो खेकसला. "जावा की, ऑपरेशनची तारीख घ्या!"