सोफ्यावरची मधली जागा

होम थिएटरचे स्पीकर जुळवायला आलेल्या माणसाने विचारलं, "नेहमी कोण बसतं इथे? सराउंड साउंड, म्हणजे हा चहूबाजूंचा आवाज, एकाच जागी अगदी बरोबर ऐकू येतो."

मी म्हणालो, "ही बसेल."

बायको म्हणाली, "छे, हे बसतील."

शेवटी त्याने मायक्रोफोन सोफ्याच्या मधोमध ठेवला आणि आवाज तिथे जुळवला.

आम्ही आपले सवयीने दोन टोकांना बसतो. मागच्या स्पीकरमधून पावलं वाजली की मी वळून दाराकडे बघतो. मधल्या रिकाम्या जागी सगळं नेमकं पोचत असतं. एक दिवस आमच्यातलं कुणीतरी एकटंच तिथे सरकेल.

काल पाहिलं, तर बायकोने तिथे विणकामाची मोठी टोपली ठेवली होती. मी ती तिथेच राहू दिली आणि माझ्या टोकाला बसलो.