हात न लावता खेळायचं

कोरोनात टेनिस बंद पडलं तेव्हा मी रँकिंगच्या अशा पायरीवर होते, की वर चढण्यापेक्षा खाली घसरणं सोपं. कसबा बावड्यातल्या आमच्या गोठ्याची मागची भिंत एवढीच माझ्या वाट्याला उरली. सकाळ-संध्याकाळ मी तिच्यावर चेंडू मारायचे आणि आतल्या म्हशी बिचकायच्या. आई म्हणायची, "तुझ्या टेनिसानं म्हशी आटल्या बघ." वडील, म्हणजे आमचे आप्पा, तिला गप्प करायचे. ते तरुणपणी पैलवान होते. टेनिसमधलं त्यांना एकच कळायचं, मेहनत चुकवायची नाही. भिंतीशेजारी खाट टाकून ते बसून राहायचे.

पुढं स्पर्धा सुरू होणार असं कळलं, आणि त्याबरोबर नियमही आले. प्रेक्षक नाहीत. चेंडू उचलून द्यायला पोरं नाहीत. दोघींचे चेंडू वेगळे, खुणा केलेले. दुसरीचा चेंडू आपल्याकडं आला तर हात न लावता रॅकेटनं ढकलायचा. सामना संपल्यावर हात मिळवायचा नाही. सोबत एकच माणूस, आणि दोघांपैकी कुणाचीही चाचणी पॉझिटिव्ह आली की दोघांनी घरचा रस्ता धरायचा. मी मोबाइलवरून हे सगळं वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "म्हंजे कुस्ती खेळायची, पर हात न्हाई लावायचा. खेळू की."

थट्टा केली, पण नियम सगळ्यात कडक त्यांनीच पाळले. डेअरीला दूध घालायचं काम दादाकडं दिलं आणि दादाला घरामागच्या परड्यातल्या खोलीत झोपायला लावलं. सोबत म्हणून तेच येणार होते. जन्मात पहिल्यांदा विमानात बसायचं, म्हणून नवा पायजमा शिवून घेतला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत हलगी वाजायला लागली. आमच्याकडं कुणी मोठ्या कामाला निघालं की त्याला नुसतं जाऊ देत नाहीत. मी अजून स्पर्धेत एक चेंडूही मारला नव्हता, बाजारात तुरी, पण तालमीची पोरं, शेजारीपाजारी, ओवाळायला आलेल्या बायका असा सगळा गोतावळा दारात उभा. मास्क होते, हनुवटीवर. आप्पांनी फाटक लावून घेतलं आणि आतूनच हात जोडले, "रागावू नका मंडळी, पोरीला उद्या जायचं हाय." तेवढ्यात गर्दी बाजूला सरली आणि वस्ताद पुढं आले. आप्पांना लहानपणी ज्यांनी मातीत उतरवलं, तेच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फेट्याचं कापड.

"काय रं, माज्या तोंडावर दार लावतोस व्हय?"

वस्तादाला दारातून माघारी पाठवणं आप्पांना या जन्मी जमलं नसतं. त्यांनी मला माडीवर पिटाळलं आणि स्वतः बाहेर गेले. म्हणाले, "पोरीचा सत्कार माज्या डोक्यावर करा." केला. फेटा बांधला, गुलाल उधळला, पेढा भरवला, आणि ज्याला त्याला आप्पांना मिठी मारायची होती. फेटा बांधताना वस्ताद मधेमधे खोकत होते. मी वरून बघत होते. मला तेव्हा इतका राग आला होता की खाली जाऊन एकेकाला बाहेर ढकलावं वाटलं. तो राग अजून गेलेला नाही.

आप्पांनी परड्यातच अंघोळ केली आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "आता माजा भरवसा न्हाई. तू एकटीच जा." आईनं त्यांचे कपडे बॅगेतून काढले. सकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी गोठ्यापासून हात केला.

स्पर्धेच्या ठिकाणी माझी चाचणी निगेटिव्ह आली. बरेच दिवस हॉटेलच्या खोलीत कोंडून घेतलं आणि मग पहिली फेरी खेळले, जिंकले. रिकाम्या स्टेडियममध्ये मला माझाच श्वास ऐकू येत होता. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. आप्पांना ऑक्सिजन लावलाय, वस्तादही त्याच दवाखान्यात आहेत. मी बॅग भरायला घेतली. आयोजक म्हणाले, जायचं तर जा, पण बाहेर पडल्यावर परत घेता येणार नाही. तेवढ्यात आप्पांचाच व्हिडिओ कॉल आला, नर्सबाईंनी फोन धरला होता. मास्क बाजूला करून ते तोडून तोडून बोलले, "हितं तुला आत सोडत न्हाईत. दाराभाईर बसून काय करशील? खेळ."

ते खरंच होतं. दादा त्यांच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर, पायरीवर बसून होता आणि त्याला ते दिसत नव्हते. मी राहिले.

दुसऱ्या फेरीत वाईट हरले. समोरची मुलगी परक्या मुलखातली. नेटपाशी आम्ही रॅकेटला रॅकेट लावलं आणि बाहेरच्या बोळात आलो. मी फोन चालू केला आणि दादाला लावला. तो नुसता रडत होता. आप्पा गेले, मला कळलं.

मी भिंतीला धरून खाली बसले. ती मुलगी दोन पावलं पुढं झाली, तिनं हात उचलला आणि तशीच थांबली. तिला पुढची फेरी खेळायची होती. तिथल्या एका माणसानं पाण्याची बाटली लांबूनच जमिनीवर ठेवली आणि तो मागं सरकला. सगळ्यांनी नियम पाळले, त्यांचं काहीच चुकलं नाही. पण त्या घडीला मला आमची ती अडाणी, हनुवटीवर मास्क घेऊन गळ्यात पडणारी सगळी गल्ली तिथं हवी होती.