आंदणाचं झाड

"टोपलं खाली नोको ठेवू, कमळे. आल्या वाटंनं वापस जाय."

"काऊन वो माय? माह्याच झाडाखालून मलेच हाकलून राह्यली का?"

सुकरीबाईच्या हातातला खराटा थांबला. पहाटेपासून झाडावरून मोह टपटपत होता, खालच्या ओट्यावर फुलांचा थर साचला होता. लेक सासरहून, चामोर्शीकडून, पहिल्या एस्टीनं आली होती. झाड तिचंच. सुकरीले ते सासूनं दिलं, सुकरीनं कमळाच्या लग्नात आंदण म्हणून तिले दिलं. कागद नाई, पण त्या गावात दुसऱ्याच्या मोहाखाली फुलं वेचाले कोणी वाकत नाई.

मग जंगलात पर्यटनाची सडक निघाली. मोजणीवाल्यांनी या मोहावरही चुन्याचा पट्टा ओढला. सुकरी जंगलखात्याच्या साहेबाच्या जिपीपुढं उभी राहिली. तोडू नोका म्हणाली, इथी अस्वल येते, चितळं येतात, तुमच्या पाहुण्यांले दाखवाले कामी पडन. साहेबाले पटलं. सडक वळली, झाड वाचलं. पुढच्याच साली बोर्ड लागला: फुलं वन्यप्राण्यांसाठी राखीव, वेचण्यास मनाई. पाहुण्यांले बसाले भोवती ओटा बांधला आणि तो झाडून काढाले रोजानं बाई ठेवली. सुकरीलेच.

"तूनंच दाखोलं न त्याइले?" कमळा म्हणाली.

"नसतं दाखोलं त नुसतं खुंट राह्यलं असतं."

"खुंट बरं. पाहून जीव त नसता जळला."

तेवढ्यात नागपूरच्या पाहुण्यांची जिप्सी येऊन थांबली. वाघ दिसला नाई म्हणून तोंडं पडलेली. त्यांतल्या एका बाईनं ओंजळभर फुलं उचलली, वास घेतला, रुमालात बांधली. सोबतचा मुखरू गार्ड गावचाच पोरगा. हसून म्हणाला, आणखी घ्या ना मॅडम, घरच्यांले दाखवा. मग त्याची नजर टोपल्यावर गेली.

"सुकरीबाई, पोरीले समजव. साहेब पाहीन त तुहा रोज जाईन, अना माह्यावर येईन."

"मुखऱ्या, हाच मोह शिजवून तुह्या मायनं तुले वाढोलं," कमळा म्हणाली.

मुखरूनं बिडी काढली, पाहुणे पाहून परत खिशात घातली.

कमळा मायकडं पाहत राहिली. मायनं एक शब्द बोलावा, एवढंच. सुकरीनं पदरानं मान पुसली. "जाय बाई. दुपारची एस्टी चुकन."

कमळानं रिकामं टोपलं डोक्यावर घेतलं. "हे आंदण तुहं तुलेच राहू दे, माय. माह्या पोरीले मी काई दुसरं देईन."

ती सडकेकडं वळली, मागं पाहिलं नाई.

रुमालवाल्या बाईले ओट्यावर बसून फोटो काढायचा होता. मावशी, एवढं झाडून देता का, म्हणाली. सुकरीनं खराटा उचलला, फुलं ओट्याखाली लोटली आणि दुसरी बाजू झाडू लागली.