वास सुटेपर्यंत

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरासमोर जामाचं एकच झाड आहे. पुण्याकडचे लोक त्याला पेरू म्हणतात. त्या एका झाडापायी यंदा माझं डोकं पार उठलं.

झाड बाबांनी लावलेलं. खापरखेड्याची नोकरी संपवून ते माझ्याकडे राहायला आले, त्या वर्षीचं. जाम तोडायचा त्यांचा नियम ठरलेला: झाडाखाली उभं राहायचं, डोळे मिटून नाक वर करायचं आणि वास सुटला असेल तरच फांदीला हात लावायचा. दाबून बघणाऱ्याला ते अडाणी समजतात. म्हणजे मला.

पण बाबांची ही विद्या फळमाशीलाही येते, आणि त्यांच्यापेक्षा बरी येते. फळाचा हिरवा रंग जरा फिका पडला, की माणसाला काही कळायच्या आत तिला वास लागतो. सालीला बारीक भोक पाडून ती आत अंडी घालते. वरून फळ गुळगुळीत, कापलं की आत अळ्या वळवळतात. यंदाच्या श्रावणात एक जाम धड निघाला नाही. शेवटी सीताबर्डीवरच्या बियाण्याच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वास सुटायच्या आधीच तोडा. अन् खाली पडलेले जाम गाडून टाका. त्याच्या वासानं अजून माशा येतेत."

घरी येऊन हे सांगितलं, तर बाबा म्हणाले, "कच्चा जाम तोडते का वं कोणी?"

उन्हाळ्यातल्या तापानंतर ते तसेही किरकिरे झाले होते. वरणाला चव नाही, भाजीला चव नाही, अर्धी पोळी टाकून उठायचे. सदरे अंगावर लोंबायला लागले. माझ्या जिवाला घोर लागलेला. तोंडाने मागायचे ते फक्त झाडावरचा जाम, आणि तोच मला तोडू देत नव्हते! काय करावं अशा माणसाचं? दोनदा तर मी झाडच तोडून टाकते म्हणून धमकी दिली.

मग एका सकाळी दार उघडलं आणि आंबूस-गोड भपका नाकात शिरला. रात्रीच्या पावसाने दहा-बारा जाम पडून फुटले होते, त्यांच्यावर माशाच माशा. मी पदर नाकाला लावूनच बाहेर आले. बाबा त्या चिखलात उभे होते, डोळे मिटून, नाक वर करून.

"अजून वास नाही सुटला," ते म्हणाले. "चार दिवस थांब."

मी तोंड उघडलं होतं ते भांडायलाच. ते तसंच राहिलं. खाली वाकून एक फुटका जाम उचलला आणि त्यांच्या नाकाशी धरला.

"बाबा, याचा वास येते का तुम्हाले?"

त्यांनी दोनदा हुंगलं आणि माझ्या हातातल्या जामाकडे बघितलं.

"तापापासून असंच आहे?"

मला भयंकर राग आला. एका घरात राहून, दोन वेळा समोरासमोर जेवायला बसून, एवढं सांगता येऊ नये? "काहून नाही सांगितलं मले?" मी ओरडलेच.

बाबांनी वर फांद्यांकडे पाहिलं.

"मले वाटलं," ते म्हणाले, "यंदा झाडच वास देऊन नाही राहिलं."